मधल्या रांगेचा प्रश्न

आमच्या जुन्या व्हॅनच्या तळाला एवढी भोकं पडली होती की पावसाळ्यात मागे बसणाऱ्याचे पाय बसल्या जागी धुऊन निघायचे. भावाला त्या गाडीची लाज वाटायला लागली होती. त्याचा धंदाच तसा आहे. कर्जत-खालापूरकडे मुंबईची माणसं फार्महाऊस बांधतात, त्यांना तो रेती, विटा, पेव्हर ब्लॉक पुरवतो. साइटवर जाताना तो व्हॅन लांब झाडाखाली लावायचा आणि उरलेलं अंतर चालत जायचा. मी रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. दिवसभर नमुने तपासायचे, आकडे लिहायचे आणि चुकलेल्या आकड्याखाली लाल रेघ ओढायची, हे माझं काम. त्यामुळे घरात नवी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा गाड्या बघायचं काम आपोआप माझ्याकडे आलं आणि ठरवायचं काम आपोआप भावाकडे राहिलं.

मी एक वही केली. गाडी एकाच कंपनीची घ्यायची यावर एकमत होतं, प्रश्न कुठल्या पिढीची एवढाच होता. सगळ्यात जुनी पिढी म्हणजे डिझेलची, आवाज करणारी, पण कुठल्याही गॅरेजवाल्याला डोळे मिटून दुरुस्त करता येणारी. मधली पिढी तिच्यापेक्षा लांब, जड आणि अंगापिंडाने भरलेली. नवी पिढी बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी. ती सुरू झाली की नाही हे कळायला डॅशबोर्डवरचे दिवे बघावे लागत. जुन्या दोन्ही वापरलेल्याच मिळणार होत्या आणि नवीसाठी नंबर लावून थांबायचं होतं.

वहीत मी रकाने आखले. जमिनीपासून पायरीची उंची, मधल्या रांगेत गुडघ्यापुढची जागा, मागच्या रांगेत डोक्यावरची जागा, सामान किती राहतं. टेप खिशात ठेवून मी लोकांच्या दारात उभ्या असलेल्या गाड्या मोजत फिरलो. बायको म्हणाली, मुलगी बघायला जातात तेव्हासुद्धा कोणी एवढं मोजत नसेल. पहिल्याच पानावर मी सगळ्यात वर लिहिलं होतं, ‘माणसं : ७’. आई, मी, बायको, मुलगी, भाऊ, त्याची बायको, त्यांचा मुलगा.

आमच्या घरात माणसं आठ आहेत. आठवी आत्या. आमच्या वारलेल्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरातच ती माहेरी परत आली. का आली ते घरात कधी बोललं गेलं नाही. तेव्हापासून ती इथेच आहे. मला आणि भावाला तिनेच वाढवलं. आई शेतावर असायची, आत्या घरी. पण आत्याला गाडी लागते. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. लग्न असो, देवाला जायचं असो, समुद्रावर जायचं असो, सगळे तयार झाले की ती ओटीवर उभी राहून म्हणायची, ‘‘जावा तुमी. मला गाडी लागते.’’ मग आम्ही जायचो. सात लिहिताना माझा हात अडखळला नाही, याचं मला आज वाईट वाटतं. त्या वेळी वाटलं नव्हतं.

कशेळ्याला एका किराणा दुकानदाराची पहिल्या पिढीची गाडी विकायला होती. रविवारी ती बघायला गेलो. गाडीचा मीटर एका आकड्यावर थांबलेला होता आणि तो कधी थांबला हे मालकालाही सांगता येईना. ‘‘पण इंजिन बगा ना साहेब, दगड हाय दगड,’’ तो म्हणाला. मधल्या रांगेला सलग बाक होतं, तीन माणसं सहज बसतील असं. मी वहीत माप लिहिलं आणि पुढे कंसात ‘अनावश्यक’ असं लिहिलं. आपल्याला दोन जणांपुरतीच जागा हवी, उलट बाकामुळे मागच्या रांगेत शिरायला अडचण होते, असा माझा हिशेब होता.

परतताना एसटी मिळाली नाही, म्हणून डोंगराकडून आलेली शेअरिंगची जीप पकडली. मागच्या दोन आडव्या बाकांवर समोरासमोर गुडघे अडकवून माणसं बसली होती. मध्ये कोंबड्यांची पाटी होती. मी कसाबसा आत शिरलो, मान वर केली आणि समोर आत्या.

ती महिन्यातून एकदा तिच्या एका मैत्रिणीकडे, कशेळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावी जाते, हे आम्हाला माहीत होतं. येताना वाल, सुकट, कधी करवंदं आणते, हेही माहीत होतं. ती जाते कशी, हे मात्र आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं.

ती बाकावर बसून शेंगदाणे खात होती. जीप खड्ड्यातून उसळत होती, वळणावर सगळे एका अंगाला कलंडत होते, डिझेलचा धूर मागून आत येत होता. ती शेजारच्या बाईला कुणाच्या तरी बाळंतपणाची हकीकत सांगत होती आणि बाईला हसू आवरत नव्हतं. मला बघून तिचं बोलणं तुटलं.

थोड्या वेळाने मलाच मळमळायला लागलं. मी मान खाली घातली.

‘‘काय रं, लागली काय गाडी?’’ तिने पिशवीत हात घालून लिंबू काढलं. ‘‘हुंग. लांब बग, खाली बगू नको.’’

‘‘तू लिंबू ठेवतेस?’’

‘‘ठेवते. कोनाला ना कोनाला लागतंच.’’

‘‘आणि तुला?’’

तिने शेंगदाण्याची सालं मुठीत गोळा केली आणि बाहेर टाकली. आमच्या फाट्याला दोघं उतरलो. घरापर्यंत दहा मिनिटांची वाट आहे. ती पुढे चालत होती. मागे न बघताच म्हणाली, ‘‘तुज्या बापानं पयली गाडी घेतली, तवा ती भरली रं. सगली बसली, मी उरले. कोनी बोललं आसतं, तू ऱ्हा, तर मला रडू आलं आसतं. कोनी बोलायच्या आधी मीच बोलले.’’

मी पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली.

‘‘घरी सांगू नको,’’ ती म्हणाली. ‘‘इतकी वर्सं सांगितलं ते खोटं ठरंल. म्हातारपनी खोटारडी नको ठरवूस मला.’’

मी कबूल केलं. घरी येऊन वही उघडली, सातचा आकडा खोडला आणि खाली रोजच्यासारखी लाल रेघ ओढली. मला स्वतःचा राग आला होता. राग आला की मी व्यवस्थितपणे वागतो. ‘अनावश्यक’ हा शब्दही खोडला.

आता माझी पंचाईत अशी की बाकाची बाजू घ्यायची होती आणि कारण सांगायची चोरी होती. भावाने तोपर्यंत मनात नव्या पिढीची गाडी नक्की केली होती, तीही टॉप मॉडेल. त्यात मधल्या रांगेला बाक नसतं. दोन वेगवेगळ्या खुर्च्या असतात, हाताला टेकू, पायाला टेकू आणि मधून मागे जायला वाट. त्यांना कॅप्टन सीट म्हणतात. बाकाची नवी गाडीही मिळत होती, पण खालच्या मॉडेलमध्ये, आणि तिच्याकडे भाऊ ढुंकूनही बघायला तयार नव्हता. मी म्हणालो, बाकावर आडवं होता येतं. तो म्हणाला, गाडीत आडवं व्हायला आपण आजारी आहोत काय? मी म्हणालो, पाहुणे आले तर? तो म्हणाला, पाहुणे आपापल्या गाडीने येतात. मी सांगितलेलं एकेक कारण तो पापड मोडावा तसं मोडत होता. खरं कारण मी तोंडात धरून बसलो होतो. तसं बघितलं तर मला तोंड उघडायला कोणी बंदी केली नव्हती. ‘आत्यालाही नेऊ या’ एवढं म्हणायला तिचं गुपित फोडायची गरजच नव्हती. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, इतकी वर्षं का नाही नेलं? त्या प्रश्नाला मी घाबरत होतो.

शेवटी हायवेवरच्या शोरूमला जायचं ठरलं. भाऊ, मी आणि आई. आईला न्यायचं कारण एवढंच की तिचे गुडघे दुखतात आणि पायरी तिला चढता येते का हे मला बघायचं होतं. गाडी आत दिव्यांखाली उभी होती. सेल्समनने हात लावताच दार आपोआप उघडल्यासारखं हलकं उघडलं. आई चढली. मधल्या खुर्चीत बसली. सेल्समनने बटण दाबून तिच्या पायांखालचा टेकू वर केला आणि ती दचकून खुर्चीचे हात धरून बसली.

‘‘फॅमिली किती जणांची, सर?’’ त्याने विचारलं.

‘‘सात,’’ भाऊ म्हणाला.

मी टेपकडे बघत होतो.

‘‘आठ,’’ आई खुर्चीतून म्हणाली.

भाऊ हसला. ‘‘आई, आत्याला गाडी लागते गं.’’

‘‘कोनाला काय लागतं ते त्यानं इचारलं नाय. घरात मानसं किती ते इचारलं.’’ मग ती सेल्समनकडे वळली. ‘‘बाला, ही खाली कर आदी. माजे पाय लोंबतात.’’

सेल्समनने तिचे पाय खाली आणले आणि भावाला मधल्या खुर्च्यांच्या चामड्याबद्दल सांगायला लागला. भाऊ ऐकत नव्हता.

संध्याकाळी आई मागच्या अंगणात तांदूळ निवडत होती. मी जवळ जाऊन बसलो. मला वाटत होतं की आत्याचं गुपित तिला कुणीतरी सांगितलं असेल. विचारलं तर ती सूप न थांबवता म्हणाली, ‘‘मला कोन सांगनार? माज्या लग्नाच्या वर्सालाच म्हाईत हाय मला. टेंपोत बसून वऱ्हाडाला गेलो हुतो. जाताना-येताना मी वकत हुते आन् वन्सं माजं डोकं मांडीवर घेऊन बसली हुती. गाडी मला लागायची.’’

‘‘मग तू कधी बोलली का नाहीस?’’

तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. ‘‘तुज्या बापाच्या गाडीत जागा सातच हुती. ती म्हनली मी ऱ्हाते. मी ‘नको’ म्हनले आसते तर मला ऱ्हायाला लागलं आसतं.’’

तिने एवढंच सांगितलं. माफी नाही, डोळ्यांत पाणी नाही. माझ्या आईला मी पहिल्यांदा एक साधी बाई म्हणून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तिच्याबद्दल वाटणारा आदर कमी झाला नाही. तिने निदान मनाशी हिशेब खरा ठेवला होता. मी वहीतसुद्धा खोटा लिहिला होता.

आईच्या ‘आठ’पुढे भावाचं काही चाललं नाही. गाडी शेवटी मधल्या पिढीची घेतली. रसायनीच्या वसाहतीतून निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका अधिकाऱ्याची. एकाच मालकाने वापरलेली, मधल्या रांगेला सलग बाक, सीटवर अजून मूळचं कापड. भाऊ दोन दिवस घुम्यासारखा वागला. मग त्याने स्वखर्चाने तिला नवे टायर आणि मागच्या काचेवर काळी फिल्म लावून घेतली, आणि साइटवर ती थेट फाटकाशी उभी करायला लागला.

पहिला बेत समुद्रावर जायचा ठरला. सकाळी सगळे अंगणात जमले. मुलं मागच्या रांगेत शिरली, त्यांच्याबरोबर माझी बायको. भाऊ स्टिअरिंगवर, त्याची बायको शेजारी. आई मधल्या बाकावर बसल्यावर आत्या ओटीवर आली. हातात झाडू होता.

‘‘जावा तुमी,’’ ती म्हणाली. ‘‘मला गाडी लागते.’’

मी आईकडे पाहिलं. आई बाकावर सरकून मधे बसली आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘लागू दे. मी हाय ना शेजारी. या वन्सं.’’

आत्याने झाडू कोपऱ्यात ठेवला, आत जाऊन इस्त्रीचं पातळ नेसून आली आणि पायरीवर पाय ठेवला. भावाच्या मुलाने मागून प्लास्टिकची पिशवी पुढे केली. तिने ती गंभीरपणे घेतली आणि मांडीवर धरून बसली. मी शेवटचा राहिलो होतो. घराचं दार ओढून घेतलं, कडी घातली, कोयंड्यात अडकवायला कुलूप शोधायला लागलो.

कुलूप नव्हतं. मी बायकोला हाक मारून विचारलं, तिने भावाच्या बायकोला विचारलं, तिने आईला. कपाटाला होतं, तिजोरीला होतं, मोटारसायकलला होतं. घराच्या पुढच्या दाराला कुलूप कुणालाच आठवेना. आत्या आल्यापासून आम्ही दाराला कधी कुलूपच लावलं नव्हतं.

आत्याने एक पाय खाली टाकला. ‘‘बगा,’’ ती म्हणाली. ‘‘मी ऱ्हाते.’’

आईने तिचं मनगट धरलं. भाऊ इंजिन बंद करून उतरला, माझ्याकडून मोटारसायकलची किल्ली घेतली आणि फाट्यावरच्या दुकानातून कुलूप आणायला गेला.