हळदीचे कण आणि उन्हाचा ठिपका

आमच्या कळमनुरीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक एकच, आणि त्याचा मान देवाइतका. वर्षभर कुलूपबंद कपाटात, दसऱ्याला बाहेर. बघायला नव्हे हो, पूजेला. हळदकुंकू त्याच्या काचपट्ट्यांवरसुद्धा. अशा प्रयोगशाळेत मी पदार्थविज्ञान शिकले, आणि तरी लोक मला शिकलेली समजतात.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तो एकदाचा आमच्या हाती आला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाण्याच्या थेंबात बारीक कण सोडायचे आणि ते जागच्या जागी वेडेवाकडे थरथरतात ते बघायचं. बघायचं म्हणजे काय, मागल्या बॅचच्या वहीतून उतरवायचं. मी आगाऊ. मी खरंच डोळा लावला. लाईट गेलेली, म्हणून खिडकीतलं ऊन आरशानं थेंबावर पाडलं. कण वेगळे टाकावेच लागले नाहीत, काचपट्टीवर दसऱ्याची हळद होती.

ते कण उन्हाच्या ठिपक्याकडे निघाले. हळूहळू तिथं गर्दी झाली. आरसा हलवला की गर्दी मागोमाग, उन्हाआड हात धरला की सगळं थंड. ऊन थेंबाला एकाच जागी तापवत होतं, त्यानं पाणी फिरत होतं आणि कण ओढत होतं. हात न लावता मी ते हाकत होते. इतका आनंद मला आयुष्यात फार कमी वेळा झालाय.

वहीत जसं दिसलं तसं लिहिलं. सर बिघडले. "काहून गं, पुस्तक लिहिणारा येडा होता का?"

"सर, तुमी एकदा बघा की."

"त्यात बघायचं काय? बाहेरचे परीक्षक येऊन राहिले. मार्क गेले तर एम.एस्सी. विसर."

एम.एस्सी. नाही तर लग्न, असं घरी ठरलेलं. मी पान फाडलं आणि मागल्या बॅचचं उतरवलं. परीक्षकांनी वही उघडलीसुद्धा नाही, त्यांना औंढ्याला दर्शनाला जायची घाई. मार्क मात्र भरघोस पडले.

त्या मार्कांवर एका मोठ्या संस्थेत एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी गुणपत्रिका बाजूला सारली. म्हणाले, "पुस्तकात नाही असं काही प्रयोगात स्वतः पाहिलंय का?"

सगळं जिभेवर आलं होतं. पण खरं सांगितलं तर मार्क कापतील, एवढं एकच मी तीन वर्षांत पक्कं शिकले होते.

"न्हाई सर. सगळं पुस्तकाबराबर आलं."

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.