आई नावाचा खडक

त्या जागेला उद्यान म्हणायचं कुणाला सुचलं, देव जाणे. झाड औषधालाही सापडत नाही. नजर जाईल तिथवर तांबडी वाळू आणि तिच्यात उभे असलेले चित्रविचित्र खडक. कुणी छत्रीसारखा, कुणी उलट्या ठेवलेल्या बुटासारखा, कुणी दाढ दुखत असल्यासारखा गाल धरून बसलेला. फारसं कुणाला हे ठिकाण ठाऊक नाही. लोक येतात ते बहुतेक पलीकडचं मोठं, नावाजलेलं उद्यान बंद निघालं म्हणून, आणि येतात तेही तोंड पाडूनच.

फाटकाजवळ एक विश्रामगृह आहे. तिथल्या चादरी धुणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. आल्यागेल्या सगळ्यांची ती मावशी. सख्खं म्हणावं असं तिला एकच माणूस होतं, तिचा मुलगा, आणि तो आत उद्यानात गाईड होता.

मावशीचं काम बघणाऱ्याला सोपं वाटे. पण इथली वाळू मोठी वस्ताद. चादर न झटकता पाण्यात बुडवली की तांबडा रंग असा धरतो की साबण हात टेकतो. म्हणून प्रत्येक चादर आधी गच्चीवर नेऊन झटकायची, मग खाली आणून भिजवायची, धुवायची, आणि ते ओलं ओझं पुन्हा गच्चीवर चढवून वाळत घालायचं. यातच जन्म गेला. पाठ आधी दुखली, मग वाकली, मग तशीच राहिली. ती चालायला लागली की रस्त्यात काहीतरी हरवलंय आणि बाई ते शोधतेय, असं वाटायचं.

मुलगा रांगत होता तेव्हाच नवरा दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला. मुलाला तिने सांगितलं, तुझा बाप लांब खाणीत कामाला गेला होता, तिथेच तापाने गेला. आपण बापाला नकोसे झालो होतो हे पोराच्या मनाला शिवू नये, एवढ्यासाठी ती थाप तिने वर्षानुवर्षं जपली. ज्याने तोंड काळं केलं त्याच्या आठवणीने पोरासमोर डोळेसुद्धा पुसले. संतापच येतो, पण तिने केलं खरं. पोटाला चिमटा काढून पोराला शिकवलं. तो परक्या पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत बोलायला लागला तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं.

मग पोराला शिंगं फुटली. गाईड झाल्यावर तो आतल्या तळावर, बाकीच्या गाईडांच्या खोलीत राहायला गेला. मळक्या कपड्यांचं गाठोडं घेऊन यायचा आणि धुतलेले कपडे घेऊन जायचा.

"बस की जरा," ती म्हणायची.

"गाडी थांबलीय," तो म्हणायचा. त्याची गाडी नेहमीच थांबलेली असायची.

एके दिवशी विश्रामगृहाचा आचारी तिला म्हणाला, "मावशी, तुम्हाला माहितीये का? आत एक खडक आहे. तुमचा मुलगा सगळ्यांना सांगतो, ही माझी आई."

"माझी आई, असं म्हणतो?"

"म्हणतो की. लोक फोटो काढतात त्याचे."

आचाऱ्याला आणखीही काही सांगायचं होतं, पण तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं आणि कांदे चिरायला घेतले. माणूस भला होता, म्हणजे भित्रा होता.

त्या दिवसापासून मावशीचे पाय जमिनीला लागेनात. पोरगा आपल्याजवळ घटकाभर बसत नाही, पण मनात माया आहे. नसती तर एवढ्या दगडांतून एकाला आईचं नाव कोण देतं? तो खडक एकदा डोळ्यांनी बघायचा, हा एकच ध्यास तिने घेतला. मुलाला विचारून पाहिलं.

"कशाला? ऊन किती असतं आत. तुला झेपायचं नाही."

ही काळजी आहे असं तिने धरून घेतलं. आयांची जातच खुळी.

पुढे एका पाहुण्या बाईच्या नवऱ्याचं पोट बिघडलं. त्या खोलीतल्या चादरी मावशीने नाक न मुरडता पुन्हा पुन्हा बदलल्या. सकाळी बाई म्हणाली, "यांची गाडीतली जागा रिकामीच जाणार आहे. मावशी, तुम्ही चला ना. तुम्ही पाहिलंय का कधी आतलं?"

मावशीने ठेवणीतले कपडे काढले. आतला गाईड आपला मुलगा आहे, हे ती कुणाला बोलली नाही. त्याला एकदम चकित करायचं होतं. धुळीसाठी सगळ्यांसारखा तिनेही तोंडाला रुमाल गुंडाळला, बाईने नवऱ्याचा काळा चष्मा दिला. गाडी आतल्या तळावर थांबली तेव्हा वारा इतका सुटला होता की धडधाकट माणसंही कमरेत वाकून चालत होती. मावशी एका जाडजूड पाहुण्याच्या आडोशाने मागे राहिली. मुलाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि तो काय बोलत होता! लोक त्याच्या तोंडाकडे बघत राहिले होते. बुटाच्या खडकापाशी हसले, दाढदुखीच्या खडकापाशी तर लोळायचेच बाकी होते. मावशीला एकेकाला धरून सांगावंसं वाटत होतं की हा माझा आहे. मग वळण आलं आणि तो खडक दिसला. वाकलेला, पाठीवर उंचवटा, मान खाली. हुबेहूब ती. आपल्याला याने इतकं निरखून पाहिलंय, या विचाराने ती आडोशातून जराशी पुढे सरकली.

"मंडळी, या आमच्या मातोश्री!" मुलगा म्हणाला. "पाठ बघा पाठ. हा खडक असा व्हायला वाऱ्याला लाखो वर्षं घासावं लागलं. आमच्या घरी तयार माल आहे!"

लोक हसले.

"तोंड उघडं दिसतंय? सारखं एकच, 'बस की जरा, बस की जरा.' एकवेळ वारा थांबेल, पण हे थांबायचं नाही." आवाज त्याने अगदी तिचाच काढला. "आणि तो पलीकडे पाठ फिरवून उभा आहे, ते आमचे वडील. पळाले दुसरीचा हात धरून. आई सांगते, तापाने गेले!" मग तो वाकला, आणि ती पुसायची तसेच हळूच डोळे पुसले. "आता तुम्हीच बघा आणि सांगा, त्यांचं काय चुकलं?"

लोकांची हसून हसून पोटं दुखली. बाईही हसली. हसत हसत मावशीकडे वळली आणि थबकली. एकदा खडकाकडे पाहिलं, एकदा मावशीकडे.

"अय्या," ती केवढ्यांदा तरी म्हणाली, "या त्याच का?"

सगळे वळले. मावशीने चष्मा काढला होता, कारण तिला काही दिसेनासं झालं होतं. मुलाने आईला ओळखलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात त्याने काहीही म्हटलं असतं, नुसतं 'आई' म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. क्षमा तर तिने केव्हाच करून टाकली होती. पण तो जाडजूड पाहुणा टाळ्या वाजवत ओरडला, "वा! अस्सलच आणलीय की!"

हा खेळाचाच भाग आहे असं समजून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मुलाने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं, मग आईकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

"मग! आम्ही नुसती नक्कल दाखवून बोळवण करत नाही," तो म्हणाला आणि तिचा हात धरून तिला खडकापाशी घेऊन गेला. कित्येक वर्षांनी त्याने तिचा हात धरला होता.

"आई, जरा वाक. अजून. मान खाली घे."

सकाळपासून ती जमेल तितकं ताठ राहायची धडपड करत होती. ती वाकली. एकेक जण येऊन तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढून गेला. बाई आधी घुटमळली, सगळ्यांत शेवटी तीही आली.

परतताना मुलाने तिला स्वतः गाडीत चढवलं, रुमाल नीट गुंडाळून दिला. बाप पळाल्याचं तुला कधीपासून ठाऊक होतं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आधी तोच बोलला.

"लोकांना आवडलं," तो हळू आवाजात म्हणाला. "रोज येशील? ते चादरींचं काम सोडून दे. दिवसभर माझ्याजवळच असशील."

मावशीने ओठांवरचं गिळलं.

"किती वाजता येऊ?" तिने विचारलं.