हनीफभाईनं ऐकायचं ठरवलं

आमच्या कॉलेजात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी लोकांसाठी विज्ञानाचं व्याख्यान असायचं. कोणीही यावं, बसावं, विचारावं. हिमायतनगरहून, उमरीहून माणसं यायची. इस्लापूरचे सिद्रामप्पा, लाइनमन म्हणून रिटायर झालेले, पहिल्या रांगेत ठरलेले. व्याख्यान द्यायचे भौतिकशास्त्राचे आनंदराज सर. प्रयोग मात्र उभा करायचा हनीफभाई, प्रयोगशाळेचा परिचर.

मी ग्रंथालयात कारकून. हनीफभाईला मी सव्वीस वर्षं पाहिलं. त्याचा बाप घड्याळं दुरुस्त करायचा. बाप गेला तशी नववीतून हनीफची शाळा सुटली, पण बोटं बापाची आली. बंद पडलेलं कुठलंही यंत्र त्याच्या टेबलावर दोन दिवस राहिलं की चालू व्हायचं. व्याख्यानाच्या वेळी तो सरांच्या मागं उभा राही आणि हळूच सांगे, "सर, जरा थांबा," "सर, आता." सर थांबत, आणि टाळ्या सरांना मिळत. हनीफभाईला त्याचं कधी काही वाटलं नाही. घरी जाऊन लेकीला तोच प्रयोग पुन्हा करून दाखवायचा. मुबश्शिरा आमच्याच कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती आणि पुढं फिजिक्सच घ्यायचं म्हणायची.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत विषय होता आकाशातली वीज. सरांना हातानं फिरवायच्या यंत्रातून ठिणगी काढून दाखवायची होती. आदल्या दिवशी माझ्यासमोर हनीफभाई म्हणाला, "सर, हवा लई ओली हाय. यंत्र बल्बखाली घंटाभर सुकवू द्या, न्हाई तर ठिनगी पडनार न्हाई."

"मला शिकवू नकोस," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. सरांनी दांडा फिरवला, पुन्हा फिरवला. ठिणगी पडली नाही. मागं कोणीतरी खाकरलं. सरांनी कपाळ पुसलं आणि माईकवर म्हणाले, "हनीफच्या हातात गेलं की यंत्राचं असंच होतं. नववी नापास माणूस आहे हा. विज्ञान त्याच्या हातून कसं व्हायचं?"

चारशे माणसं हसली. मीही हसलो, ते लपवत नाही.

मुबश्शिरा दारात कार्यक्रमाची पत्रकं वाटत होती. तिनं उरलेली पत्रकं खुर्चीवर ठेवली आणि ती निघून गेली. आठ दिवसांनी तिनं बीएस्सी सोडून बीएला नाव घातलं. घरी सगळ्यांनी समजावलं. ती एवढंच म्हणाली, "त्या वर्गात मी कोणाची पोरगी म्हणून बसू?"

हे सांगायला हनीफभाई ग्रंथालयात आला होता. बसला नाही. कपाटाला हात लावून उभा राहिला.

"आमी नापास न्हवतो, ग्यानोबा. शाळा सुटली होती."

"माहीत हाय मला."

"आता बघ तू. मी सरला मारनार न्हाई, शिवी देनार न्हाई, यंत्र बिघडवनार न्हाई. फकस्त ऐकनार. सर म्हनतील तसंच करनार. एक अक्षर जास्त बोलनार न्हाई."

मला वाटलं, राग उतरेल. उतरला नाही.

ऑगस्टमध्ये सरांनी चुकीचं भिंग मागितलं, त्यानं तेच दिलं. पडद्यावर नुसता पांढरा डाग. सप्टेंबरात सर म्हणाले तेवढंच पाणी ओतलं. कारंजं उडालंच नाही. प्रत्येक वेळी सर मागं वळून बघायचे. हनीफभाई हात बांधून उभा. त्याच्या तोंडावर राग नसायचा, हसू नसायचं. संध्याकाळी चहाच्या गाड्यावर मात्र तो मला सगळं पुन्हा सांगायचा, सर कुठं अडखळले, कितीदा पाणी प्यायले. सांगताना त्याचे डोळे चमकायचे. मला त्या चमकेची भीती वाटायला लागली होती.

हॉल रिकामा होत गेला. डिसेंबरात सिद्रामप्पांनी त्याला जिन्यात गाठलं.

"हनीफभाई, मी दोन गाड्या बदलून येतो. पहिल्यासारखं काही राहिलं नाही बघ."

"सरला विचारा, अप्पा," हनीफभाई म्हणाला आणि खाली बघत निघून गेला. त्या दिवशी तो चहाला आला नाही. वाटलं, आता थांबेल. तरी थांबला नाही.

मार्चमध्ये कॉलेजचा वर्धापनदिन होता. लातूरहून मोठे पाहुणे येणार होते. सरांना तेलाच्या पत्र्याच्या डब्याचा प्रयोग करायचा होता. डब्यात थोडं पाणी उकळायचं, वाफेनं आतली हवा बाहेर काढायची, झाकण घट्ट लावून शेगडी बंद करायची आणि वरून गार पाणी ओतायचं. बाहेरच्या हवेच्या दाबानं डबा चेपतो. आदल्या दिवशी सरांनी हनीफभाईला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

"हनीफ, उद्या सांभाळून घे."

"जिथं बोललात तिथं बोला, सर. माईकवर. मग सांभाळतो."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"बरं," म्हणून हनीफभाई बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी हॉल खचाखच भरला. पाहुणे, संस्थेचे अध्यक्ष, सिद्रामप्पा, सगळे होते. शेगडीवर डबा ठेवलेला. तोंडातून वाफेची पहिली बारीक रेघ निघाली. आत अजून हवाच हवा होती. हनीफभाई झाकण हातात घेऊन माईकजवळ आला.

"लावू का, सर?"

सर त्याच्याकडे बघत राहिले. आता लावायचं की अजून थांबायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जुलैपर्यंत ते हनीफभाईनं सांगितलेलं असायचं.

"तूच सांग," सर अखेर म्हणाले. आवाज माईकवर सगळ्यांना ऐकू गेला.

"मी नववी नापास हाय, सर. मला काय कळून राहिलंय?"

कोणी हसलं नाही. सरांचे कान लाल झाले. "लाव," ते म्हणाले.

हनीफभाईनं झाकण लावलं, शेगडी बंद केली. सरांनी बादलीभर पाणी ओतलं. डबा 'टक्' वाजला आणि होता तसा उभा राहिला. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मागच्या रांगेतून हसू सुरू झालं, ते पुढं आलं. सर खुर्चीत बसले ते आभारप्रदर्शनालाही उठले नाहीत.

त्यानंतर व्याख्यानं बंद झाली. सरांनी प्रकृतीचं कारण दिलं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सिद्रामप्पा आले तर हॉलला कुलूप. पायरीवर थोडा वेळ बसले, पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायले आणि परत फिरले. हनीफभाई खिडकीतून बघत होता. खाली उतरला नाही.

जूनमध्ये सर संस्थेच्या लातूरच्या कॉलेजात बदली घेऊन निघाले. जाण्याआधी प्रयोगशाळेत आले. हनीफभाई परीक्षानळ्या धूत होता. मी तिथंच रजिस्टर घेऊन उभा होतो. सर मला बघून थबकले, पण बोलले.

"हनीफभाई, माझं चुकलं."

त्यांनी त्याला भाई म्हणलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. हनीफभाईनं नळ बंद केला नाही.

"माझ्या पोरीला सांगा, सर. नाळेश्वर गल्लीच्या मागं घर हाय, कोनी बी दावील."

सर निघून गेले. घराकडं गेले नाहीत, हे मला मुबश्शिराकडूनच कळलं. ती आता इतिहास घेऊन एमए करतेय.

मी हनीफभाईला एकदा विचारलं, "झालं का मन शांत?"

त्यानं नळी उजेडाकडं धरून बघितली.

"शांत न्हाई. पन त्या दिवशी डबा उभा राहिला ना, लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?"