टास्कबारवरचं सातवं बटन

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींची टिंगल करणाऱ्यांतली आहे. नवरा मोटरसायकलला लिंबू-मिरची बांधतो, तर मी म्हणते, त्यापेक्षा ब्रेक बघून घ्या. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय...

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून बेला नावाचं गाव आहे. तिथे बाजाराच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे — दाखले, रेशन कार्ड, झेरॉक्स. फॉर्म तेलुगूत, गिऱ्हाईक मराठी, मधे मी. सकाळी खेड्यांवरून आलेले लोक माझ्या पायरीवर कागदांची पिशवी रांगेत ठेवतात आणि बाजारात निघून जातात. पिशवीचा नंबर तोच माणसाचा नंबर.

पिशव्यांच्या क्रमाने मी नावांची यादी टाइप करते आणि प्रत्येकाचा फॉर्म वेगळ्या खिडकीत उघडून ठेवते. पण एखादी खिडकी पुन्हा उघडावी लागली की तिचं बटन खाली टास्कबारवर शेवटी जाऊन बसतं, आणि सगळा घोळ होतो. म्हणून मी व्हिडिओ बघून बघून एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो सगळी बटनं क्षणभर काढतो आणि यादीच्या क्रमाने परत बसवतो. मग नाव न बघता पहिलं बटन दाबायचं, काम झालं की खिडकी बंद, पुन्हा पहिलं. नवऱ्याला तीनदा करून दाखवलं. बिचारा तिन्ही वेळा ‘वा’ म्हणाला.

मागच्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी सात पिशव्या होत्या. शेवटची कौसाबाईंची. त्या काउंटरला धरून उभ्या राहिल्या.

“ताई, माही लेक आदिलाबादच्या दवाखान्यात हाय. उद्या ऑपरेशन हाय. रेशन कार्डात तिचं नाव चढवल्याचा कागद आजच पाहिजे, नाही त पैसे भरा म्हणते ते लोक. एकची बस धरू द्या मले.”

“मावशी, सगळ्याइलेच घाई असते. सातवा नंबर हाय तुमचा. रांग म्हणजे रांग.”

हे मी चांगलं ठसक्यात बोलले. त्या गुपचूप बाकावर बसल्या.

मी प्रोग्राम चालवला, पहिलं बटन दाबलं. कौसाबाईंचा फॉर्म! यादी बघितली — त्या सातव्याच. पुन्हा चालवला. पुन्हा त्याच पहिल्या, बाकी सहा जण ओळीने मागे. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, सगळे फॉर्म नव्याने उघडले, त्यांचा मुद्दाम शेवटी. प्रोग्राम चालवला... बटनं गेली, परत आली, आणि डाव्या टोकाला कौसाबाई.

पहिला नंबर भाजीवाल्या बंडूभाऊंचा होता. “काऊन थांबल्या ताई?”

“मशीन ऐकून नाही राह्यली. या मावशीचाच फॉर्म पुढं आणते.”

“मंग त्याइचंच करून टाका ना. मी काही पळून नाही चाललो.”

केलं. कागद प्रिंटरमधून निघाला तेव्हा साडेअकरा झाले होते. दुसरा फॉर्म उघडला आणि नेट गेलं, ते संध्याकाळपर्यंत आलंच नाही. सहाही जण मला बोल लावत घरी गेले. कौसाबाईंना मात्र एकची बस मिळाली.

पंधरा दिवसांनी त्या वांगी घेऊन आल्या. लेक सुखरूप होती. मी हसत म्हटलं, “मावशी, नंबर सातवा अन् काम पहिलं!”

“सातवा कुठचा माय? पहिल्या गाडीनं आल्ती मी. पायरीवर कोणीच नव्हतं.”

“मंग पिशवी शेवटी कशी?”

“तुमीच उचलून ठेवली ना, पायरी धुतानी. पार मागं, भिंतीपाशी. मी समोरच्या हाटेलातून पायत होती. मंग बाकीच्याइच्या पिशव्या लागल्या पुढं.”

“तवाच काऊन नाही सांगितलं?”

“आता ताईनंच ठेवली म्हटलं तर अशीन काही कारण.”

मला आठवलं. ओली होईल म्हणून मीच उचलली होती, आणि साफ विसरून गेले होते. त्यांच्या समोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण हे मलाच आठवत नव्हतं, तर प्रोग्रामला कुठून कळणार? त्याला माझ्या यादीपलीकडे काही वाचता येत नाही. ती फाइल अजून आहे, त्यात कौसाबाई सातव्याच आहेत. नंतर तीच नावं घालून मी वीसेक वेळा चालवून बघितलं... बटनं मुकाट्याने यादीप्रमाणे बसतात. हैदराबादला नोकरी करणारा भाचा म्हणाला, अपडेटमुळे झालं असेल. म्हटलं, मग तिन्ही वेळा तीच बाई काऊन?

एक विचार मात्र काही केल्या जात नाही. त्या दिवशी कॉम्प्युटरने माझं ऐकलं असतं, तर कौसाबाई संध्याकाळपर्यंत माझ्या बाकावर बसून राहिल्या असत्या... आणि जाताना मलाच म्हणाल्या असत्या, “राहू द्या ताई, तुमचा काय दोष.”