कमी आकडा

मंडळी, आत्ताच नंदुरबारच्या दवाखान्यातून आलोय. राहवत नाही म्हणून लिहितोय.

साठच्या दशकात मी आणि माझ्याच धानोऱ्याचा नरोत्तम एका जहाजावर अरबी समुद्राच्या खोल पाण्यातला ऑक्सिजन मोजायचो. एकदा माझा आकडा जवळपास शून्य आला. नरोत्तमने साहेबांना सांगितलं, "याला नमुन्याच्या पाण्याची बाटली नीट भरता येत नाही."

अरे, बाटलीत बुडबुडा राहिला तर हवा मिसळून आकडा वाढतो, कमी होत नाही! त्यालाही ते पक्कं ठाऊक होतं. पण पुढच्या सफरीला तो गेला आणि मी घरी बसलो.

आज तो खाटेवर होता, तोंडावर मास्क. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा बघून कुरकुरला, "मशीन बिघडेल शे. इतला कमी आकडा येस का कधी?"

मी वाकून म्हणालो, "तवय बी तू आसंच बोलना व्हता."

त्याने डोळे मिटले. मग धापा टाकत म्हणाला, "तुन्हा आकडा खरा व्हता."

मला स्वच्छ ऐकू आलं. तरी कानाला हात लावून म्हणालो, "आयकू नही उनं. पुन्हा सांग."

खरं सांगा, तुम्ही एकदाच ऐकून उठला असता का?