याकूब मिस्त्रींना वाचून दाखवलेला अहवाल

याकूब मिस्त्री गेल्याचं कार्ड मला शाळेत मिळालं. आमच्या उद्योगशाळेत मी सुतारकाम आणि आराखड्यांचं रेखाटन शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर एक सांधा काढून दाखवत होतो, तेवढ्यात शिपायाने टेबलावर कार्ड ठेवलं. मिस्त्रींच्या मुलीचं, झुलेखाचं अक्षर होतं, मुरूडच्या मुलींच्या शाळेत गिरवलेलं, गोल आणि स्वच्छ. ‘अब्बा सोमवारी गेले. दोन दिवस ताप होता. तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं, म्हणून लिहिते.’ एवढंच. मी ते वाचलं, कोटाच्या खिशात घातलं आणि तास पुरा केला. मुलांना वेळेआधी सोडलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, सर, कोण गेलं? आणि मला सांगावं लागलं असतं. ते माझे गुरू होते, हे साधं वाक्य बारा-तेरा वर्षांत मी चारचौघांत एकदाही उच्चारलं नव्हतं. त्या दिवशीही उच्चारलं नाही. या गोष्टीला आता दीड महिना होईल...

एकोणीसशे चोवीस सालचा पावसाळा सरला तेव्हा मी मुंबईच्या एका तांत्रिक शाळेत शेवटच्या वर्षाला होतो. शेवटचे सहा महिने खऱ्याखुऱ्या कारखान्यात उमेदवारी करायची, तिथे काय पाहिलं याचा इंग्रजीत अहवाल लिहायचा आणि त्यावर परीक्षेचे निम्मे गुण, असा नियम होता. मी नागावचा, म्हणून मास्तरांनी ‘तुमच्याच बाजूचं आहे’ असं म्हणत मुरूडजवळच्या आगरदांड्याचा एक कारखाना माझ्या नावापुढे लिहिला. तिथे एका बोट कंपनीचे पडाव बांधले जात. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना तिथून धक्क्यावर आणायचं काम हे पडाव करत. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि काखेत रेखाटनाच्या हत्यारांची मखमली पेटी अशा थाटात मी खाडीकाठच्या त्या शाकारलेल्या मांडवात शिरलो. मॅनेजरने मला मुख्य सुताराच्या हवाली केलं. हेच याकूब मिस्त्री. पन्नाशीचे, सडपातळ, भुवया पांढऱ्या झालेल्या. त्यांनी माझी पेटी उघडून पाहिली, एकेक हत्यार बोटांनी चाचपलं, पुन्हा जागच्या जागी ठेवलं आणि म्हणाले, चांगली हायत, पण खारी हवा लागंल, गुंडाळून ठेव.

पहिला महिनाभर त्यांनी मला पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायला बसवलं. मला तो अपमान वाटला. घरी पत्र लिहिलं की इथे शिकण्यासारखं काही नाही, माणसं अडाणी आहेत. मिस्त्रींना लिहितावाचता येत नव्हतं, आराखडा तर त्यांनी कधी हातातही धरला नसावा. पण ठोकलेल्या सांध्यावर ते मोगरी मारत आणि नुसत्या आवाजावरून सांगत की हा भरला, हा पोकळ हाय. महिन्याअखेरीला तो फरक मलाही ऐकू यायला लागला. मग त्यांनी मला लाकूड निवडायला सोबत नेलं. वाडीतल्या उभ्या झाडाकडे पाहून ते सांगायचे, ही फांदी पडावाच्या पोटात बसंल, ही न्हाय. ओरडणं नाही, हात उगारणं नाही. चूक झाली की ते काम थांबवून बाजूला बसत आणि माझी मला ती दिसेपर्यंत वाट पाहत. कधी कधी अर्धी सकाळ जायची.

दुपारी सगळे आपापले डबे सोडून बसत. मी सोवळ्याच्या घरातला. सुरुवातीला मी लांब माडाखाली एकटा बसून खात असे. मिस्त्रींच्या घरून माझ्यासाठी रोज एक अखंड शहाळं आणि सालासकट दोन केळी येत. फळाला काय होतं, एवढंच ते एकदा म्हणाले. पुढे मी त्यांच्या ओट्यावर बसून तांदळाची भाकरी खाऊ लागलो आणि ती गोष्ट घरी कधी कळू दिली नाही. लपवण्याची सवय मला अशी तिथेच लागली होती की आधीपासूनच होती, कोण जाणे.

फाल्गुनात एका नव्या पडावाच्या बरगड्या उभ्या राहत होत्या. मी मिस्त्रींना म्हटलं, एक बरगडी माझ्या आराखड्याप्रमाणे करू या. चार रात्री खपून मी रेखाटन केलं होतं. त्यांनी कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला. बाभळीचं एक उत्तम, नैसर्गिक बाक असलेलं खोड त्यांनी वर्षभर राखून ठेवलं होतं, ते माझ्यापुढे टाकलं. धाकू म्हणून त्यांच्या हाताखालचा कोळी सुतार होता. तो कुजबुजला, मिस्त्री, हे वाया जाईल. ते म्हणाले, जाऊ दे, त्याचा हात तरी बसंल. बरगडी माझ्या आराखड्याबरहुकूम, रेघभरही फरक न करता तासली गेली. आणि तिच्यावर फळी बसवायला गेलो तर मध्ये चार बोटांचं अंतर. मी एक माप दोनदा धरलं होतं. मी तसाच उभा राहिलो. नेमका त्याच वेळी मॅनेजर मांडवात आला आणि हे लाकूड कोणी नासवलं म्हणून विचारू लागला. मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, “माझा अंदाज चुकला, साहेब.” मॅनेजर त्यांना सगळ्या माणसांदेखत नको नको ते बोलला. ते ऐकून घेत राहिले. मी खाली पाहत होतो. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन काही बोलावं असं मनात आलं, पण त्यांनीच मला दुसऱ्या बरगडीचं टोक धरायला हाक मारली आणि बोलणं राहून गेलं. तेव्हा मला त्याचं बरंच वाटलं.

अहवाल कसा लिहावा याच्या सूचना मास्तरांनी पाठवल्या होत्या. कारखान्यातल्या उणिवा दाखवा, सुधारणा सुचवा, परीक्षकांना तेच आवडतं. पहिला नंबर मिळाला तर सरकारी वर्कशॉपात लागण्याची आशा होती. मी लिहिलं की मुख्य सुतारास आराखडा समजत नाही, काम केवळ अंदाजाने चालते आणि या अंदाजापायी माझ्या मुक्कामात एक संपूर्ण बरगडी वाया गेली, तरी येथे शिकलेला इंजिनीअर नेमावा. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं. शेवटी स्वतःला सांगितलं की मॅनेजरची तशीच समजूत आहे, मी वेगळं लिहिलं तर मिस्त्री खोटे पडतील. माणूस स्वतःला किती चांगली कारणं देऊ शकतो!

निघण्याच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी मला मांडवात बसवलं. सगळे सुतार गोळा झाले होते. ते म्हणाले, तू आमच्यावर कायतरी लिवलंस म्हणतात, वाचून दाखव की. कागद माझ्या हातात होता. इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवत मी मराठीत वाचू लागलो... याकूब मिस्त्रींसारखा कारागीर या किनाऱ्यावर दुसरा नाही, त्यांचे कान आणि त्यांची नजर हीच त्यांची मोजपट्टी आहे, इथे सहा महिन्यांत मी जे शिकलो ते शाळेत तीन वर्षांत शिकलो नव्हतो. त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि एकही शब्द कागदावर नव्हता. मिस्त्रींनी टोपी काढली, कपाळ पुसलं.

“एवढं नको लिवू,” ते म्हणाले. “निम्मं काढ त्यातलं.”

माझा पहिला नंबर आला. अहवालातल्या ‘निर्भीड निरीक्षणा’चं कौतुक झालं. एक प्रत नियमाप्रमाणे कंपनीकडे गेली. वर्षाभराने आमच्याच शाळेतून आधी बाहेर पडलेला एक जण मुंबईत भेटला. त्याने माझा हात हातात घेऊन आभार मानले. तुझ्या रिपोर्टामुळे कंपनीने आगरदांड्याला जागा काढली, मी तिथे इंजिनीअर आहे, म्हणाला. आणि मिस्त्री? त्याने सहज सांगितलं की म्हातारा हाताखाली काम करायला तयार नव्हता, गेला सोडून. मी पुढे काही विचारलं नाही. त्यानंतर आठ वर्षं मी त्या बाजूला फिरकलो नाही. नागावला जायचो, पण तिथून दक्षिणेकडे पाऊल टाकलं नाही.

सरकारी वर्कशॉपातली नोकरी पुढे मंदीत गेली आणि मी उद्योगशाळेत मास्तर झालो. मग माझ्या वर्गातल्या मुलांच्या उमेदवारीचा प्रश्न आला. कारखाने मुलं घ्यायला तयार नव्हते. कंपनीचा तो पडावांचा मांडवही बंद पडला होता. आमच्या हेडमास्तरांना कोणीतरी सांगितलं की आगरदांड्याला याकूब मिस्त्री म्हणून आहेत, स्वतःच्या अंगणात मच्छीमारांच्या होड्या बांधतात, पोरांना मनापासून शिकवतात. चौकशीला मलाच पाठवलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

ते खाडीकाठी एका होडीच्या पोटात बसले होते. धाकू सोबत होता. मला पाहून मिस्त्री बाहेर आले, दोन्ही हातांनी माझे खांदे धरले, घरच्यांची चौकशी केली, झुलेखाला चहा टाकायला सांगितलं. मुलं घ्यायला लगेच तयार झाले. एकच अट होती, म्हणाले. पोरांनी जे लिहायचं ते इथं बसून, मराठीत लिहायचं, आणि जे लिहिलं तेच मला वाचून दाखवायचं. ‘तेच’ हा शब्द त्यांनी इतरांसारखाच, जराही जोर न देता उच्चारला. मी चहाची कपबशी खाली ठेवली. मी विचारलं, “मिस्त्री, तुम्हाला कळलं होतं?”

“व्हय,” ते म्हणाले. “नवा साहेब आला त्याच दिवशी त्याने तुझा कागद सगळ्यांसमोर वाचला. मी म्हटलं, कागद दोन असतील. एक कंपनीचा, एक माझा.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “माझा खोटा नव्हता ना?”

“नव्हता,” मी म्हणालो.

“मग झालं,” म्हणून ते उठले आणि कामाला लागले.

तेव्हा मी माफी मागायला हवी होती. लाकूड मी नासवलं, तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत आणि मी ती तुमच्या नावावर कायमची लिहून टाकली, एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण आगरदांड्याच्या धक्क्यावर शेवटच्या होडीची हाक आली, आणि मी घाईने निघालो. त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्याकडे मुलं पाठवत राहिलो. जाताना मुलांना सांगायचो, नीट ऐका, कमी बोला. सुटीत मुलांना भेटायला जायचो तेव्हा मिस्त्रींशी लाकडाबद्दल बोलायचो, पावसाबद्दल, झुलेखाच्या लग्नाबद्दल. दर खेपेला वाटायचं, आज नको, आज माणसं आहेत. एकदा माणसं नव्हती, तेव्हाही वाटलं की आज नको.

कार्ड आल्यानंतर पंधरा दिवसांनी मी गेलो. झुलेखा माहेरी होती. बापासारख्याच दाट भुवयांखालचे डोळे वर करून तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाट मांडला. अंगणातल्या मांडवात अर्धी होडी तशीच उभी होती. धाकू आणि आणखी तिघे, आगरी आणि कोळी सुतार, ती पुरी करत होते, कारण एका कोळ्याला हंगामापूर्वी ती द्यायची होती. मला बसवेना. मी सगळ्यांसमोर, झुलेखासमोर सांगून टाकलं. बरगडीचं, अहवालाचं, त्या दिवशी मांडवात काय वाचलं आणि कागदावर काय होतं त्याचं. बोलून झालं तेव्हा धाकू हातातला लाकूड तासायचा वाकस पुसत होता.

“बरगडीचं आमाला तवाच म्हाईत व्हतं, मास्तर,” तो म्हणाला. “आमच्या हातानंच तासली की. मिस्त्री म्हणाले, पोराच्या तोंडून येऊ दे, कुणी बोलायचं न्हाय.”

म्हणजे मी कागदावर बोट ठेवून वाचत होतो तेव्हा ती सगळी माणसं मी चूक कबूल करण्याची वाट पाहत होती. झुलेखा आत निघून गेली. ती रागावली की रडायला गेली, मला कळलं नाही, आणि विचारण्याचा हक्कही नव्हता. धाकूने मला फळीचं दुसरं टोक धरायला सांगितलं. मी कोट काढून ठेवला आणि धरलं.

दुपार कलली तशी मशिदीची बांग ऐकू आली. धाकूने वाकस खाली ठेवला. बाकीच्या तिघांनीही हत्यारं ठेवली, फळी टेकवली, आणि चौघे मांडवाबाहेर येऊन मातीवर बसले. एवढ्या वर्षांत या वेळी मिस्त्री नमाजाला जात आणि ते परत येईपर्यंत काम थांबे. आता त्या मांडवातून नमाजाला जाणारं कोणी नव्हतं. तरी ते बसून राहिले, एरवी जेवढा वेळ बसत तेवढाच. मीही त्यांच्यात जाऊन बसलो... मग धाकू उठला, आणि आम्ही पुन्हा फळीला हात लावला.