ताणलेला थर
सोल्डरिंगचा वास आला की नांदेडच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवते. एम.टेक. संपत आलं होतं, पुढच्या संशोधनासाठी मला बंगळुरूत जागा मिळाली होती आणि घरी स्थळ ठरत आलं होतं. लग्नाच्या बोलणीसाठी माझे वडील, अप्पा, मला न्यायला देगलूरहून एसटीने आले ते थेट तिथंच. चपलांना शेतातली काळी माती तशीच होती. कॉम्प्युटरवरच्या आकृतीकडे बघत म्हणाले, "नेमकं काय करायलीस तू?" मी सांगितलं, सिलिकॉन-जर्मेनियमच्या थरावर सिलिकॉनचा पातळ थर वाढवायचा. खालचे अणू जरा लांब लांब असतात, म्हणून वरचा थर ताणला जातो, त्यातून वीज लवकर धावते आणि ट्रान्झिस्टरचा वेग वाढतो. "ताणल्यावर तुटत न्हाई?" "पातळ ठेवला तर न्हाई, अप्पा." मग बाहेर व्हरांड्यात जाऊन त्यांनी आईला फोन लावला. "पोरीचं काम अर्धं हाय. पाहुण्यांना नको म्हणून सांग," एवढंच मला ऐकू आलं. आत येऊन त्यांनी भाकरीचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि दुपारच्या गाडीने एकटेच परतले. त्यांना त्या दिवशी नेमकं काय पटलं, ते मी कधी विचारलं नाही. आता अप्पा नाहीत, आणि आईलाही ते माहीत नाही.